ठासणीच्या रायफलचा ग्रुप जमत नाहीये, दारू किती भरायची?

प्रश्न थोडक्यात असा की टेनेसीत राहणाऱ्या मेहुण्याकडे पॉइंट ५० कॅलिबरची (नळीचं भोक अर्ध्या इंचाचं) हॉकेन टाइप, म्हणजे जुन्या अमेरिकन घाटाची रायफल आहे, कॅपवाली (घोडा टोपीवर आपटून बार पेटतो ती), गोल शिशाची गोळी आणि कापडाचा पॅच लावून मारतात, पन्नास यार्डावर ग्रुप, म्हणजे लागलेल्या गोळ्यांचा पसारा, सहा-सात इंचाचा येतो, दारू ७० ग्रेनवरून (ग्रेन म्हणजे दारू मोजायचं छोटं माप) ९० वर नेली तरी तेच. तुम्ही पुढच्या महिन्यात तिकडे चाललाय आणि तोवर काही समजून घ्यायचंय. मी आता नागपुरात असतो पण नोकरीपायी बरीच वर्षं पेनसिल्व्हेनियात काढली, तिथे हाच नाद होता, म्हणून लिहितो.

राजेहो, दारू नंतर. आधी पॅच बघा. नव्वद टक्के लोक ग्रुप बिघडला की दारूच वाढवत बसतात कारण ते सोपं आहे, मापाची दांडी ओढली की झालं. पण गोळीला नळीतला पीळ (आतल्या वळत जाणाऱ्या खाचा) धरायला लावतो तो पॅच, आणि मागून गॅस पुढे सुटू न देणाराही तोच. तो हुकला तर दारूचा आकडा काहीही ठेवा.

तर पहिलं काम, बार उडवल्यावर पुढे चालत जा (रेंज थंड झाल्यावर, म्हणजे सगळ्यांनी बार थांबवल्यावरच, उगाच शहाणपणा नको) आणि पडलेले पॅच गोळा करा. थोड्याच अंतरावर सापडतात. मधे काळा गोल डाग आणि कडा थोड्या विस्कटलेल्या, कापड मात्र शाबूत, म्हणजे उत्तम. जळून भोक पडलंय म्हणजे गॅस निसटतोय, पॅच जाड करा किंवा वंगण वाढवा. आणि खाचांच्या रेघेवर ब्लेडने कापल्यासारखा फाटला असेल तर नळीच्या तोंडाची किंवा आतल्या खाचांची धार नवी आहे, तोंडाला बारीक एमरी पेपर अंगठ्याखाली धरून हलकं फिरवतात, नाहीतर वापरून वापरून जाते ती.

आता कापड. पॉइंट ५० ला बहुतेक पॉइंट ४९० इंचाची गोळी आणि साधारण ०.०१५ इंचाचा पॅच यापासून सुरुवात करतात, मग ०.०१८, ०.०२०, किंवा मोठी पॉइंट ४९५ ची गोळी आणि पातळ पॅच. तिकडे पॅचला पिलो टिकिंग वापरतात, म्हणजे आपलं गादी-उशीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं घट्ट विणीचं कापड, ते गांधीबागेत मीटरवर मिळतं. फक्त शंभर टक्के सुती घ्या, पॉलिस्टर असेल तर नळीत वितळून चिकटतं, आणि घरी धुऊन खळ काढून टाका. जाडी व्हर्नियरने दाबून मोजा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. मेहुण्यासाठी चकली-चिवड्याच्या डब्यासोबत दोन मीटर नेलंत तर तो खूश होईल.

वंगण म्हणून मेणात कुठलंही वनस्पती तेल मिसळून चालतं, पेट्रोलियमचं तेल काळ्या दारूसोबत डांबरासारखं चिकटतं म्हणून टाळतात. हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर जे पांढरं पाण्यात मिसळणारं कटिंग ऑइल वापरतात ना, तसलंच पाण्यात घालून पॅच भिजवणारेही पुष्कळ आहेत, नेमबाजीला मस्त चालतं, पण बार भरून दिवसभर जंगलात हिंडायचं असेल तर ओला पॅच नको, दारू ओली होते. हवा कोरडी असली, आपल्या एप्रिलसारखी, तर नळीतली काजळी कडक होते आणि दुसरीच गोळी ठासताना दम लागतो, तेव्हा वंगण जास्त लागतं. १८५७ च्या त्या एनफिल्डच्या काडतुसाला चरबी लावायचे तेही याच कामासाठी.

कापड जमलं की मग दारू. ५० ग्रेन ३एफपासून (बारीक दाण्याची काळी दारू) सुरू करा, बेंचवर पक्कं बसून, प्रत्येक मापाला पाच गोळ्यांचा ग्रुप, मग पाच-पाच ग्रेन वाढवा, पण रायफल बनवणाऱ्याने दिलेल्या कमालच्या वर जायचं नाही. ग्रुप आवळत जातो आणि एका मापानंतर परत सुटतो, तिथून एक पायरी मागे या. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे सगळे ऐकतात आणि कोणी पाळत नाही. प्रत्येक बारानंतर एक ओलसर पॅच, एक कोरडा, दर वेळी तेवढंच, नाहीतर तुम्ही दारू नाही, काजळी तपासताय. ओलसर पॅचने विझायची राहिलेली ठिणगीही मरते.

पीळही विचारून घ्या. ४८ इंचात एक वेढा असेल तर गोल गोळी बऱ्यापैकी जमते, ६०-६६ वाली नळी गोल गोळीसाठीच असते आणि थोडी जास्त दारू पचवते, पण २८ वाली लांबट गोळीसाठी असते, तिच्यात गोल गोळी जास्त दारूने मारून डोकं फोडत बसू नका.

तीन गोष्टींत माझं ऐकाच. बिनधुराची आधुनिक दारू कधीच नाही, चिमूटभरसुद्धा नाही, नळी फुटते. दारू डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, मापात घेऊनच, कारण आत ठिणगी राहिली असेल तर डबाच हातात फुटेल. आणि गोळी दारूवर पूर्ण टेकलीच पाहिजे, मधे पोकळी राहिली तर नळीला धोका, म्हणून ठासायच्या गजावर खूण करून ठेवा आणि प्रत्येक वेळी ती खूण बघा.

हे सगळं तिकडचं झालं, इथे ठासणीच्या बंदुकीलाही लायसन लागतं हे माहीत असेलच.

साइटला (नळीवरच्या नेम धरायच्या खुणेला) सगळ्यात शेवटी हात लावा. ग्रुप छोटा आला पण खाली लागतोय तर पुढचं साइट घासून कमी करतात, त्याने निशाणा वर जातो, आणि घासलेलं परत लावता येत नाही म्हणून कानशीचे चार-दोन हात मारा, बार उडवा, बघा, मग परत.