समुद्राजवळच्या पूलचा हीटर चार वर्षांतच सडला, दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पूल समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीटर) चार वर्षांचा, पाणी तापायला पूर्वीच्या दुप्पट वेळ, मधूनमधून ‘नो फ्लो’चा एरर, मशीनखाली पाण्याचं थारोळं. आणि मेकॅनिक म्हणतोय, खाऱ्या हवेने सगळं खाल्लंय, नवंच घ्या.

मी हीच कामं करतो. या तीन तक्रारींची कारणं बहुधा तीन वेगळी आहेत आणि त्यातल्या एकीचाच समुद्राशी संबंध आहे. किनाऱ्यावर हीटरला काहीही झालं की खापर समुद्रावर फुटतं. समुद्र काही उलट बोलायला येत नाही, त्यामुळे सगळ्यांचीच सोय होते.

थारोळं आधी, कारण ते सोपं. पूलच्या हीट पंपची हवेकडची कॉइल, म्हणजे हवेतली उष्णता घेणारं नळ्यांचं जाळं, चालताना थंड असते, म्हणजे एसीच्या बाहेरच्या युनिटच्या बरोबर उलट. दमट हवा तिला लागली की पाणी सुटतंच. हीटर बंद करा, पूलचा पंप मात्र चालू ठेवा. तास-दोन तासांत टपटप थांबली तर ते हवेतलं पाणी, विसरून जा. थांबली नाही तर खालच्या पाण्यात क्लोरीन तपासायची पट्टी बुडवा. रंग आला तर पूलचं पाणी गळतंय.

आता मुख्य दुखणं. मशीन खरंच कमी तापवतंय का, हे आधी मोजा. आत जाणारं आणि बाहेर पडणारं पाणी, दोन्हीकडे थर्मामीटर धरा. १२ किलोवॉटच्या मशीनमधून तासाला ५,००० लिटर पाणी जात असेल तर फरक साधारण २ अंश यायला हवा. तो एक अंशच येत असेल तर दोष मशीनमध्ये. फरक बरोबर येतोय आणि तरी पूल तापत नाही, तर उष्णता वरून उडून जातेय. ५०,००० लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ५८ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते, आणि पूलवरून १०० लिटर पाणी वाफ होऊन गेलं तर ६५ युनिटच्या वर उष्णता सोबत घेऊन जातं. किनाऱ्यावर वारा रात्रभर वाहतो. अशा ठिकाणी पूल उघडा टाकून हीटर बदलणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. आधी कव्हर घाला.

फरक खरोखरच कमी आला, तर कॉइलकडे या. मेन स्विच पाडा, मागची जाळी काढा, टॉर्च धरा. तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ फिन्स, म्हणजे पत्र्या, ओवलेल्या दिसतील. खालच्या ओळींतली एखादी फिन नखाने हलकेच दाबा. वाकली तर जिवंत आहे. पिठासारखी पांढरी भुकटी होऊन नखाखाली आली तर ती गेली. खालच्या ओळी आधी जातात, कारण वरून ओघळलेलं खारं पाणी तिथेच रेंगाळतं.

फिन्स जातात आणि नळ्या टिकतात, याला कारण आहे. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून आहेत आणि मधे मिठाचं पाणी आलं की ती एक छोटी बॅटरीच होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि तांबं वाचतं. झीज सुरू होते ती फिन नळीला जिथे घट्ट धरून असते त्या कड्यापाशी. म्हणून पुष्कळदा कॉइल लांबून धडधाकट दिसते, पण फिनची नळीवरची पकड सुटलेली असते आणि हवेतली उष्णता नळीपर्यंत पोचतच नाही. फारशी थंडी नसताना कॉइलवर बर्फ धरायला लागला तर एक संशय इथेही घ्या. निळ्या फिन्सवर विसंबू नका. तो लेप मुख्यतः पाणी लवकर निथळावं म्हणून असतो आणि पातळ असतो.

उपाय कंटाळवाणा आहे: गोड्या पाण्याने धुणे. लाटा दिसतात इतकं जवळ असाल तर दर आठवड्याला, थोडं आत असाल तर महिन्याला, हा माझा अंदाजपंचे नियम. मेन स्विच बंद करून साध्या पाइपने, हलक्या धारेने, जमलं तर आतून बाहेर, म्हणजे हवा जिकडून शिरते त्याच्या उलट दिशेने. वायरिंगच्या बाजूला पाणी नको. ॲसिडवालं क्लीनर नको, क्लोरीन तर अजिबात नको. खाऱ्या बोअरच्या पाण्याने नेमाने, भक्तिभावाने हीटर धुणारे महाभागही मी पाहिलेत, तेव्हा पाणी एकदा चाखून बघा. प्रेशर वॉशर वापरू नका. सुरुवातीच्या काळात मी वापरला होता. दहा सेकंदांत निम्म्या फिन्स आडव्या झाल्या आणि पुढचे दोन दिवस मी कंगव्याने त्या एकेक उभ्या करत बसलो. फिन्सचा कंगवा खरंच मिळतो, त्याची गरज पडू देऊ नका एवढंच.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की हीटर चालू असतो त्यापेक्षा बंद असतानाच जास्त सडतो. चालताना कॉइलवरून पाणी ओघळत राहतं, त्याबरोबर थोडं मीठ तरी धुऊन जातं. हंगाम संपला, मशीन बंद केलं, की बसलेलं मीठ तिथेच राहतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर बऱ्याच कमी आर्द्रतेतही ओलं राहतं. म्हणजे तुमची कॉइल कोरडी अशी कधी नसतेच. म्हणून बंद करायच्या आदल्या दिवशी नीट धुवा, नंतरही धुणं चालू ठेवा, आणि अधूनमधून पूलचा पंप लावून मशीन तासभर चालवा. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळणं सगळ्यात वाईट, कारण आत घाम धरतो. फक्त वरून झाका, बाजू मोकळ्या ठेवा.

विजेच्या डब्याचं थोडक्यात. कॉन्टॅक्टरचे (मशीन चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचचे) पॉइंट जळालेत का, टर्मिनलवर हिरवा कळंक चढलाय का, कपॅसिटर फुगलाय का, एवढं बघायला लावा. तुम्ही स्वतः हात घालू नका, मेन बंद असला तरी कपॅसिटर झटका देतो. वर्षातून एकदा पॅनेलचे स्क्रू काढून ग्रीस लावून परत बसवा, नाहीतर पुढच्या वेळी ड्रिल लागेल. नवे स्क्रू घ्याल तेव्हा ३१६ स्टीलचे घ्या. ३०४ वर किनाऱ्याला तपकिरी डाग पडतात.

‘नो फ्लो’ म्हणजे पाणी पुरेसं येत नाहीये. हा एरर आला की फ्लो स्विच (पाणी वाहतंय का हे ओळखणारा स्विच) बदलायचा, हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार. आधी पंपाची कचरा अडवणारी टोपली साफ करा आणि फिल्टरचा प्रेशर गेज बघा. बॅकवॉश केल्यावर, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुतल्यावर, जो आकडा असतो त्यापेक्षा अर्धा बार वर गेला असेल तर परत बॅकवॉश. पंप हवा ओढतोय का, बायपासचा (पाणी हीटरला वळसा घालून नेणारा) व्हॉल्व्ह कुणी फिरवलाय का, हे बघा. एवढ्यानेच एरर जाण्याची शक्यता बरीच आहे. स्विचच्या दोन वायरी जोडून एरर ‘घालवून’ देणारा भेटला तर त्याला तिथूनच नमस्कार करा.

पाण्याच्या बाजूने तुम्ही सुदैवी आहात. हीट पंपमध्ये आतला एक्सचेंजर, म्हणजे पूलच्या पाण्याला उष्णता देणारा भाग, बहुतेक टायटॅनियमचा असतो, त्याला क्लोराइड काही करत नाही. गॅस हीटरवाल्यांना मात्र इथेच मार बसतो. तिथे तांबं किंवा क्युप्रोनिकेल (तांबं-निकेलचा मिश्रधातू) असतं, आणि पाण्याचा पीएच ७.२ च्या खाली राहिला की ते विरघळून पूलच्या भिंतींवर निळसर हिरव्या डागांच्या रूपात उतरतं. क्लोरीनच्या ट्रायक्लोर गोळ्या स्किमरमध्ये (पूलच्या काठाशी वरचं पाणी ओढणाऱ्या खोक्यात) टाकण्याची सवय तर फारच महागात पडते. त्यांच्याभोवतीचं पाणी अतिशय आम्ल असतं आणि पंप लागला की पहिला घोट हीटर पितो. पाणी आधी हीटरमधून जावं, गोळ्यांचा फीडर त्यानंतर आणि मधे चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा), असंच हवं. गॅस हीटरची ज्योत पिवळी झाली किंवा काजळी दिसली तर तो बंद करून जाणकाराला बोलवा, त्यात विषारी कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो.

आणि एक बघाच: हीटरच्या शेजारी ॲसिडचे कॅन ठेवलेत का? मी एकदा समुद्रकाठी एका हीटरची कॉइल बदलली, दीड वर्षात नवी पुन्हा पांढरी. तिसऱ्या फेरीत मान खाली घालून बसलो तेव्हा भिंतीपलीकडच्या केमिकलच्या खोलीची झरोक्याची जाळी दिसली, नेमकी पंख्याच्या तोंडाशी. झाकण सैल असलेल्या कॅनमधली वाफ थेट कॉइलवर जात होती. झरोका बंद केला, कॅन हलवले. तोवर मीही समुद्रालाच शिव्या घालत होतो.

आता तुमचा निर्णय. भुकटी खालच्या दोन-चार ओळींपुरतीच असेल तर धुऊन, उरलेल्या फिन्स सरळ करून चालवा. अर्धी कॉइल गेली असेल पण कॉम्प्रेसर शांत चालत असेल, तर फक्त कॉइल मिळते का ते विचारा, शक्यतो कारखान्यातच इपॉक्सीत बुडवलेली. जुन्या कॉइलवर जागेवर स्प्रे मारून घेऊ नका, लेपाखाली मीठ कोंडलं जातं. नवं मशीन तेव्हाच घ्या, जेव्हा नळ्याच भोकं पडून गळू लागल्या असतील. एक भोक ब्रेझिंगने, म्हणजे वितळलेल्या धातूच्या डागाने, बुजवलं की शेजारी दुसरं पडतं. हे ठरवायला नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करावी लागते. मेकॅनिकने ती केली होती का, आणि कॉइलमध्ये फिरणारा (एसीसारखा) गॅस भरला तर वजन करून भरला होता का, एवढं त्याला विचारा. नुसत्या बाहेरच्या गंजाकडे बोट दाखवून तो ‘नवं घ्या’ म्हणत असेल, तर दुसऱ्या मेकॅनिकला बोलवा.