गुरू उकळत्या पाण्यासारखा दिसतो तेव्हा: आधी हवा ओळखा

प्रश्न थोडक्यात असा: आठ इंची, १२०० मिमी फोकल लांबीची हाताने ढकलायची डॉब्सोनियन दुर्बीण, २.९ मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत कॅमेरा, ५ पटीचा बार्लो (फोकल लांबी वाढवणारे भिंग). पुण्यातल्या कोथरूडच्या गच्चीवरून संध्याकाळी साडेसातला गुरू टिपला, ३००० फ्रेम सगळ्याच्या सगळ्या स्टॅक केल्या (एकावर एक रचून एक चित्र केले), तरी पट्टे पुसट. कॅमेरा बदलावा का?

कॅमेरा राहू द्या, बार्लो बदला. आणि त्याआधी नेमकी कुठली हवा बिघडली आहे ते बघा. ‘सीइंग खराब’, म्हणजे हवेमुळे प्रतिमा थरथरते, असे म्हणताना आपण तीन हवा एकत्र करतो: नळीतली, गच्चीवरची आणि आभाळातली. पहिल्या दोन आपल्या हातात असतात.

ओळखायची रीत सोपी आहे. गुरूजवळचा ठळक तारा आयपीसमध्ये घेऊन फोकस थोडा बिघडवा. उजळ तबकडी दिसेल. तिच्यावरून सगळे एकाच दिशेला सरसर वाहत असेल तर तो उंचावरचा वारा. त्या रात्री चित्रण सोडा, आयपीसमधून नुसते डोळ्यांनी बघा. एका बाजूने धुरासारखी संथ शेपटी चढत असेल तर आरसा अजून गरम आहे. (नळीच्या तोंडासमोर हात धरा, हाताची ऊब ज्या बाजूला चढते ती ‘वर’.) दिशा नसलेली खदखद दिसली तर दोष बहुधा गच्चीच्या तापलेल्या स्लॅबचा.

आपल्याकडे थंडीत दुपारी ३० अंश आणि पहाटे १० अंश हा नेहमीचा प्रकार. हवा रात्रभर थंड होत राहते आणि जाड काच तिच्या मागे रेंगाळते. दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर काढा, आरशामागे १२ व्होल्टचा ८० मिमी पंखा लावा, थरथर जाणवत नसेल तर चित्रण करतानाही तो चालू ठेवा. चायना मोझेकची गच्ची दिवसभराची ऊब रात्री दहा-अकरापर्यंत सोडत असते, त्यामुळे साडेसातची वेळच चुकली. सोसायटीच्या बागेतली हिरवळ गच्चीपेक्षा केव्हाही बरी. गच्चीच हवी असेल तर शेजारची पत्र्याची शेड किंवा एसीचे बाहेरचे युनिट दृष्टिरेषेखाली येऊ देऊ नका. दिव्यांचा उजेड ग्रहांना बाधत नाही. त्यासाठी शहराबाहेरच्या अंधाऱ्या गिरवलीपर्यंत धावायची गरज नाही.

उंचीच्या बाबतीत मात्र पुणेकर नशीबवान. १८.५ अंश अक्षांशावर गुरू किंवा शनी याम्योत्तरावर (म्हणजे आकाशात सर्वांत उंच) असताना साधारण ४८ अंशांच्या खाली नसतोच. तेवढी वाट बघा. पण अगदी डोक्यावर डॉब ढकलणे जिकिरीचे जाते, म्हणून ६० ते ७५ अंशांचा टप्पा पकडा.

आता बार्लो. ५ पटीने तुमची दुर्बीण एफ/३० होते (फोकल लांबी आरशाच्या व्यासाच्या तीसपट). २ पटीने एफ/१२, म्हणजे पिक्सेलच्या मायक्रॉनच्या सुमारे चौपट. अस्थिर हवेत तेवढेच पुरे. एफ/३० ला तेवढ्याच उजेडासाठी सहापट लांब एक्सपोजर लागते, आणि तिथेच सगळे बिघडते. हवा काही मिलिसेकंदांत बदलते, तिला गोठवायला १० मिलिसेकंदांच्या आतच राहावे लागते. शिवाय तुमच्या डॉबला ट्रॅकिंग नाही. आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकते: ८ मिलिसेकंदांत एफ/१२ ला अर्धा पिक्सेल, चालून जाते. ५० मिलिसेकंदांत एफ/३० ला सात पिक्सेल. पट्टे पुसट होणारच.

कॅमेरा असा फिरवा की गुरू चौकटीच्या लांब बाजूने सरकेल. १९२० × ४०० पिक्सेलची पट्टी, ८ मिलिसेकंद, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ६० ते ७० टक्के भरेल इतका गेन (कॅमेऱ्याची संवेदनक्षमता), ८ बिट एसईआर व्हिडिओ फाइल. गुरू एका टोकाला आणून सोडून द्या, २९ सेकंद मिळतात. सुमारे ३००० फ्रेम, दोन जीबीहून थोडे जास्त. यूएसबी ३ आणि एसएसडी नसेल तर फ्रेम गळतात. अशा तीन फेऱ्या दोन मिनिटांत उरका. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, मधल्या पट्ट्यावरचा तपशील मिनिटाला पाव विकला सरकतो. दोन मिनिटांपुढे आठ इंचीला तो फरक दिसू लागतो.

किती फ्रेम ठेवाव्यात? अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ साली, नशिबाने स्वच्छ फ्रेम मिळण्याची शक्यता किती, याचे गणित मांडले. हवेचे एकसंध ठिगळ (ज्यातून प्रकाश न विस्कटता येतो) ५ सेंमीचे असेल तर २०० मिमी आरशाला निम्म्याच्या जवळपास फ्रेम चांगल्या मिळतात. ३ सेंमी असेल तर हजारात पाच-सहा. म्हणून सगळ्या फ्रेम स्टॅक करणे ही सर्वांत महाग चूक. पिप या सॉफ्टवेअरमध्ये गुरू मध्यभागी आणून तिन्ही फेऱ्या जोडा, ऑटोस्टॅकर्ट या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत चांगल्या १० टक्के फ्रेम ठेवा, वाईट रात्री ५. ड्रिझल (स्टॅक करताना प्रतिमा मोठी करणे) नको.

फारच खदखद असेल तर ६८५ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड पास फिल्टर लावून बघा. त्या तरंगलांबीला तेच ठिगळ जवळजवळ दीडपट मोठे होते, आणि हजारातल्या पाच-सहाऐवजी पाचात एक फ्रेम हाती लागते. रंग जातात, गेन बराच चढवावा लागतो, पण पट्ट्यांच्या कडा येतात.

रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेटचा (तपशील ठळक करणाऱ्या थरांचा) पहिला, सर्वांत बारीक थर जपून वापरा. खराब हवेत तिथे तपशील नसतो, नुसते दाणे असतात. एखाद्या ठिपक्याबद्दल शंका आली तर तिन्ही फेऱ्या वेगवेगळ्या स्टॅक करून ताडून बघा.