तिठ्यावर भंगार सायकलींचा पोदेर: रंगाआधी पाण्याचं बघा

गावच्या तिठ्यावर जुन्या सायकली जोडून पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, उभा करायचाय, मागे पावाची टोपली वगैरे, आणि कुठला रंग टिकेल असं विचारलंय तुम्ही. रंग शेवटी हो. आपल्या गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस, वर खारी हवा, आणि सायकलची फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या, आत पाणी साचलं की लोखंड आतूनच खात जातं आणि बाहेर रंग चकाचक असतानाच एक दिवस जोड सुटतो. म्हणून प्रत्येक नळीला सगळ्यात खालच्या टोकाला ड्रिलने बारीक भोक पाडा, तेही वेल्डिंगच्या आधी, कारण बंद नळी तापली की आतली हवा फुगते.

हँडल आणि जुन्या रिमवर क्रोम असतं. ते घासून काढल्याशिवाय वेल्डिंग नको, तो धूर कॅन्सरला आमंत्रण आहे, आणि घासतानाही कापडी रुमाल पुरत नाही, चांगला फिल्टरवाला मास्क हवा. वेल्डर "काय होत नाय" म्हणणारच. रिमला लोहचुंबक चिकटलं नाही तर बहुतेक ॲल्युमिनियमची, ती लोखंडाला वेल्ड होणार नाही, नटबोल्ट मारा आणि मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर खाऱ्या ओलीत दोन धातू भिडून ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं.

मग रंग: गंज पूर्ण काढून इपॉक्सी प्रायमर, वर पीयू (पॉलीयुरेथेन) रंग. रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट घराच्या गेटला ठीक, ते आपण चवथीआधी परत मारतोच, तिठ्यावर दरवर्षी कोण चढणार?

आता न विचारलेलं सांगतो. पिकासोने 1942 मध्ये एक सीट आणि एक हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, दोनच वस्तू, आणि दोन्ही ओळखू येतात. तुम्ही वीस सायकली कोंबल्यात तर पोदेराचा नरकासुराचा पुतळा होईल (आणि पोरं दिवाळीला पेटवायला येतील). टोपली मात्र स्पोकची विणा, जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या चाकाला 40 असतात, भरपूर मिळतील. पोदेर वाजवतो तो भोंगा खराच लावा, रबर उन्हाने चिरतं तेव्हा बदलायचं. चाक फिरतं ठेवू नका, पोरांची बोटं अडकतात.

पंचायतीची परवानगी लेखी घ्या, रस्ता बांधकाम खात्याचा असेल तर त्यांचीही, आणि भंगारवाल्याकडून पावती घ्याच, चोरीची सायकल निघाली तर निदान दाखवायला कागद हवा.