डावखुऱ्या माणसाने शिकारीसाठी मॅग्नम रायफल घेताना काय पाहावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुम्ही डावखुरे, कोपरखैरण्याला राहता, तीन महिन्यांत नोकरीसाठी कॅनडातल्या कॅलगरीला निघालात. तिथले ऑफिसातले लोक दरवर्षी एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जातात आणि त्यांनी तुम्हाला ‘३०० विन मॅग घे’, म्हणजे ३०० विंचेस्टर मॅग्नम या जोरदार काडतुसाची रायफल घे, असं सांगितलंय. त्यांच्यातल्या एकाची उजव्या हाताची जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल (दर गोळीनंतर बाजूची मूठ धरून बोल्ट मागेपुढे करायची) स्वस्तात मिळतेय. ती घ्यावी, की डाव्या हाताची नवी शोधावी?

डाव्या हाताचीच घ्या. मॅग्नमचा मात्र फेरविचार करा. मी ठाण्याचा, पाचपाखाडीत वाढलो, तुमच्यासारखाच डावखुरा. नऊ वर्षं कॅलगरीला होतो. तिथे पहिल्याच मोसमात माझ्या हातून जे झालं ते तुमच्या हातून होऊ नये, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या वर्षी मी एका सहकाऱ्याची जास्तीची रायफल घेऊन गेलो होतो. ३०० विन मॅगच, बोल्ट उजवीकडे. नोव्हेंबरची सकाळ, उणे चौदा तापमान, रॉकीजच्या पायथ्याच्या टेकड्या. दीडशे यार्डांवर एक एल्क मादी आडवी उभी राहिली. मी झाडाच्या बुंध्याला टेकून गोळी झाडली. धक्क्याच्या धास्तीने खांदा आधीच आखडला होता, त्यामुळे गोळी मागे, पोटाकडे लागली. ती पळाली नाही. पाच-सहा सेकंद तशीच उभी राहिली. दुसऱ्या गोळीला तेवढा वेळ पुष्कळ असतो. पण माझा डावा हात चापावरून निघाला, रायफलीवरच्या दुर्बिणीवरून पलीकडे गेला आणि बोल्टची मूठ चाचपू लागला. जाड हातमोजा दुर्बिणीच्या घुंडीला अडकला, दस्ता खांद्यावरून निसटला. रायफल पुन्हा खांद्याला लागेपर्यंत ती झाडीत शिरली होती. चार तास माग काढला. सापडली तेव्हा ती जिवंत होती. ते डोळे मला अजून दिसतात.

उजव्या हाताच्या बोल्टची अडचण ही अशी आहे. डावखुरा माणूस दस्ता डाव्या खांद्याला लावतो, त्याचा गाल दस्त्याच्या उजव्या अंगाला टेकतो. म्हणजे बोल्टची मूठ, रिकामं काडतूस बाहेर पडायची खिडकी, सगळं नेमकं त्याच्या तोंडाच्या बाजूला येतं. रिकामी पुंगळी नाकासमोरून उडते, एक वेळ त्याचीही सवय होते. पण एखादं सदोष काडतूस आत फुटलं तर गरम वायू त्याच खिडकीतून बाहेर येतो, आणि मॅग्नममध्ये दाब भरपूर असतो. शिवाय बऱ्याच रायफलींवर सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारी कळ, उजव्या अंगठ्याच्या हिशेबाने बसवलेली असते, आणि गाल टेकायचा उंचवटा असला तर तो डाव्या अंगाला, म्हणजे तुमच्या काहीच उपयोगाचा नाही. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: रेंजवर, नळी वाळूच्या पिशवीवर ठेवलेली असेल तर डावखुऱ्याला उजवा बोल्ट सोपाही जातो. डावा हात चापाशीच राहतो आणि मोकळ्या उजव्या हाताने बोल्ट मागेपुढे करता येतो. म्हणून तर दुकानात किंवा रेंजवर बघताना काही खटकत नाही. खटकतं ते उभ्याने, बर्फात, जनावर समोर असताना.

पैसे मोजण्याआधी एक तपासणी करा, कारण आपल्याकडे डावखुरेपण बऱ्याचदा अर्धवट राहतं. मला आजीने पाटीवर उजव्या हाताने लिहायला लावलं, प्रसाद उजव्या हातात, जेवण उजव्या हाताने. मी आजही लिहितो उजव्याने आणि चेंडू फेकतो डाव्याने. नेमबाजीत पहिला प्रश्न डोळ्याचा असतो. दोन्ही तळवे पुढे धरून मध्ये छोटी फट ठेवायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबची एक वस्तू पाहायची, मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या उघड्या डोळ्याला ती वस्तू फटीत दिसत राहते, तो तुमचा प्रमुख डोळा. मी हे तलावपाळीवर उभा राहून मासुंद्यातल्या शंकराच्या देवळाचा कळस बघत केलं होतं. तुम्ही समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघा. डावा डोळा प्रमुख निघाला तर प्रश्न मिटला. हात डावा पण डोळा उजवा निघाला, तर घाई करू नका. दोन्ही खांद्यांवरून झाडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता मॅग्नम. हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की काडतुसात दारू जास्त आणि गोळीचा वेग जास्त. ३०० विन मॅग १९६३ साली आली, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम त्याच्या आदल्या वर्षी. दोघींच्या पुंगळीच्या बुडाशी जो पट्टा असतो, तो १९१२ च्या ३७५ हॉलंड अँड हॉलंड या काडतुसाच्या घराण्यातून आलेला. तिथे त्या निमुळत्या पुंगळीला चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, नीट बसायला त्याची गरज होती, इथे तो मुख्यतः परंपरेने टिकला आहे. तुमच्या सहकाऱ्यांना मॅग्नम आवडते कारण लांबवर गोळी कमी खाली येते. पण किती कमी? दोनशे यार्डांवर निशाण जुळवलं, तर तीनशे यार्डांवर ३०-०६ या साध्या, बिनमॅग्नम काडतुसाची १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साधारण आठ इंच खाली जाते, ३०० विन मॅगची साडेसहा-सात. फरक दीड-दोन इंचांचा. नवशिक्याचा हात यापेक्षा कितीतरी जास्त हलतो. १९०६ सालच्या त्या ३०-०६ ने एल्क आणि त्याहून मोठं मूस हरीण शंभराहून जास्त वर्षं पडत आलेत.

आणि त्या दीड-दोन इंचांची किंमत खांदा देतो. साडेतीन किलोच्या रायफलीत ३०८ या आणखी सौम्य काडतुसाचा धक्का ढोबळमानाने सतरा-अठरा फूट-पाउंड, ३०-०६ चा वीसच्या आसपास, ३०० विन मॅगचा पंचवीसच्या वर. मला हा फरक आकड्यांतून कळला नव्हता. त्या मोसमानंतर एका जुन्याजाणत्या माणसाने मला रेंजवर नेलं. रायफल तो माझ्या नकळत भरायचा, कधी खरं काडतूस, कधी बिनदारूचं. तिसऱ्या की चौथ्या वेळी मी चाप ओढला आणि नुसतं ‘खट्’ झालं. नळीचं टोक चांगलं चार बोटं खाली गेलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. गोळी सुटलीच नव्हती, तरी माझं अंग दचकलं होतं. ती एल्क पोटात का लागली, ते मला त्या क्षणी कळलं.

म्हणून माझं मत: पहिली रायफल डाव्या बोल्टची, ३०-०६ किंवा ३०८ मध्ये. मॅग्नम घ्यायचीच असेल तर ७ मिमी रेमिंग्टन मॅग किंवा ३०० विन मॅग, यांच्या पलीकडे जाऊ नका. या दोघींची काडतुसं तिथे लहान गावातल्या दुकानातही मिळतात. ३३८, ३७५ वगैरे अस्वलांच्या मुलखासाठी किंवा आफ्रिकेसाठी, तुम्हाला नकोत.

कंपन्यांचं म्हणाल तर डावखुऱ्यांना निवड कमी असते, पण आहे ती चांगली आहे. सॅव्हेज ११० डाव्या हातात १९५९ पासून मिळते, किंमत परवडणारी आणि सेफ्टी वर मधोमध, अंगठ्याखाली. ब्राउनिंग एक्स-बोल्टचीही सेफ्टी तशीच, आणि तिचा बोल्ट फक्त साठ अंश उचलावा लागतो, त्यामुळे हातमोजा दुर्बिणीला घासत नाही. मी शेवटी तीच घेतली, ३०-०६ मध्ये. फिनलंडची टिका टी३एक्स ही माझ्या हाताला लागलेल्या सगळ्यांत गुळगुळीत बोल्टची रायफल. पण तिचं लाइट मॉडेल जेमतेम तीन किलोचं, त्यात ३०० विन मॅग घेतली तर दहा गोळ्यांत खांदा सुजेल. वेदरबी मार्क ५ देखणी आहे आणि डाव्या हातातही बनते, पण पहिल्या रायफलीला एवढा पैसा घालू नका. तो पैसा चांगल्या दुर्बिणीत आणि सरावाच्या काडतुसांत घाला. दुर्बीण डोळ्यापासून निदान साडेतीन इंच लांब बसेल अशीच घ्या, नाहीतर मॅग्नमच्या धक्क्याने तिची कडा भुवईत घुसते.

दुकानात गेल्यावर रिकामी रायफल तपासून घ्या, डोळे मिटून खांद्याला लावा आणि मग उघडा. मान न हलवता दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला पाहिजे. मग जाड हातमोजा घालून, दस्ता खांद्यावरून न हलवता बोल्ट पाच वेळा उघडा-मिटा. हे जमलं नाही तर ती रायफल तुमची नाही, मग ती कितीही स्वस्त असो.

कागदपत्रं: कॅनडात आधी सुरक्षा कोर्स करावा लागतो, मग पीएएल हा बंदुकीचा परवाना. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवस थांबावंच लागतं. शिकारीचं लायसन्स आणि टॅग (ठरावीक जनावर मारायच्या परवानगीची चिठ्ठी) वेगळे. तेव्हा या मोसमाला रायफल हातात येईलच असं धरू नका. नुसते बरोबर जा, माग काढायला शिका.

इथून निघेपर्यंतचे तीन महिने मात्र वाया घालवू नका. पनवेलला ऑलिम्पियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, तुम्हाला कोपरखैरण्याहून फार लांब नाही. दहा मीटर एअर रायफल शिका. चौकशी करतानाच डाव्या हाताची रायफल सरावाला मिळेल का ते विचारा, कारण क्लबांत त्या मोजक्याच असतात. एअर रायफलला धक्का जवळपास नसतोच, त्यामुळे चाप हळू दाबणं, श्वास धरणं आणि गोळी सुटल्यावरही निशाणावरून नजर न काढणं, एवढंच शिकायचं उरतं. हे तीन महिने मला तेव्हा मिळाले असते तर ती मादी जागीच पडली असती.

आणि परत यायचं ठरलं की रायफल तिथेच विका. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे, आणि बाहेरून बंदूक आणण्यावर कडक बंधनं आहेत. डाव्या हाताची रायफल विकली जाणार नाही, या भीतीने उजव्या हाताची घेऊ नका. मी जाहिरात टाकली तेव्हा आठवडाभर फोन आला नाही. मग दोनशे किलोमीटरवरून एक बाप आपल्या डावखुऱ्या मुलीला घेऊन आला. तिने बोल्ट दोनदा उघडला-मिटला आणि बापाकडे बघून मान हलवली. त्याने भावसुद्धा केला नाही.