लेन्स-आरशांत रमणाऱ्यांसाठी क्वांटममध्ये काय आहे?

भौतिकशास्त्राच्या पदवीचं शेवटचं वर्ष, क्वांटम कम्युनिकेशनची ओढ, पण सैद्धांतिक पेपरात मार्क बेताचे आणि जीव मात्र प्रयोगशाळेत रमतो, असं तू लिहिलं आहेस. शिवाय बाबा विचारतात, सगळीकडे फायबर असताना हवेतून नि उपग्रहावरून फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पाठवण्याला भविष्य काय?

बाबांचा प्रश्न आधी घेते, कारण तुझंही उत्तर त्यातच आहे. उत्तम फायबरमध्येसुद्धा साधारण दर 15 किलोमीटरला प्रकाश निम्मा होतो. 100 किलोमीटरवर शंभरातला एक फोटॉन उरतो, 200 वर दहा हजारांतला एक. एरवी वाटेत अ‍ॅम्प्लिफायर लावतात. इथे संदेश कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली, म्हणजे 0 नि 1 ची माळ, एकेका फोटॉनच्या स्थितीत असते, आणि अज्ञात क्वांटम स्थितीची हुबेहूब नक्कल निसर्गच करू देत नाही. किल्ली मधल्या मध्ये वाचू पाहणाऱ्या चोराला अडवणारा हा नियम अ‍ॅम्प्लिफायरलाही अडवतो! उपग्रहावरून येणाऱ्या फोटॉनला मात्र दाट हवा शेवटच्या दहाएक किलोमीटरांतच भेटते. म्हणून तर 2016 साली सोडलेल्या चीनच्या मिशियस उपग्रहाला एकमेकांपासून 1200 किलोमीटरवरच्या दोन स्थानकांना गुंतलेले फोटॉन, म्हणजे ज्यांची मोजमापं एकमेकांशी जुळतात अशा जोड्या, पुरवता आले.

आता त्यातलं काम बघ. असा उपग्रह सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतो आणि काही मिनिटांत स्थानकाच्या टप्प्याबाहेर जातो. झोत किलोमीटरमागे जेमतेम 1 सेंटिमीटर पसरला, तरी 1200 किलोमीटरवर 12 मीटर रुंद होतो. खालच्या दुर्बिणीचा आरसा मीटरभराचा. तो झोत दुर्बिणीवर धरून ठेवायचा, हवेच्या थरथरीला आरसा हलवून उत्तर द्यायचं, आकाशातल्या भरकटलेल्या उजेडातून आपला फोटॉन नॅनोसेकंदाच्या हिशेबाने वेचायचा. ही कामं तुझ्यासारख्यांची आहेत, आणि मला ती फार मोलाची वाटतात.

गणित टाळू नकोस मात्र. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता पक्की हवीच. सोबत ऑप्टिक्स, डिटेक्टरचं इलेक्ट्रॉनिक्स आणि पायथन शिक.

नोकऱ्यांबद्दल स्पष्ट सांगते: निव्वळ क्वांटम किल्लीच्या जागा थोड्या आहेत. क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या गणिती कूटपद्धतींची मानकं अमेरिकेत 2024 मध्ये आली, आणि बऱ्याच कंपन्यांना तेवढं पुरेल. पण झोत साधण्याचं कौशल्य उपग्रहांमधल्या नेहमीच्या लेझर संपर्कातही लागतं, त्यामुळे ते वाया जात नाही.

प्रोजेक्टसाठी फोटॉनच्या ध्रुवीकरणातून किल्ली पाठवण्याची बेनेट आणि ब्रासार्ड यांची 1984 ची पद्धत टेबलावर मांड: लेझर, ध्रुवीकारक (प्रकाशाच्या कंपनाची दिशा ठरवणारी काच), दोन डिटेक्टर. साध्या लेझरच्या एका स्पंदात कोट्यवधी फोटॉन असतात, तेव्हा ही मांडणी गुप्त नसेल, पण हात बसेल. मध्ये एक 'चोर' बसव. त्याने प्रत्येक स्पंद मोजून पुढे पाठवला, तर जुळवलेल्या किल्लीत, म्हणजे पाठवणारा नि घेणारा यांनी योगायोगाने एकच मोजमाप निवडलेल्या स्पंदांत, 25 टक्के चुका यायला हव्यात. चोर नसतानाही तुझ्या मांडणीत किती चुका येतात आणि कशामुळे, ते रोज वहीत लिही. पुढच्या प्रवेशाच्या मुलाखतीला ती वही घेऊन जा.