वधस्तंभ, क्रूस आणि तारण

प्रश्न असा आहे: 'मराठी बायबलमध्ये "वधस्तंभ" छापलेले असते, बोलताना मात्र ख्रिस्ती मंडळी पुष्कळदा "क्रूस" म्हणतात. दोन्ही एकच का? आणि वधस्तंभामुळे "तारण" होते असे म्हणतात, ते तारण म्हणजे कर्जासाठी ठेवतात तेच का?'

वस्तू एकच: येशूला ज्यावर खिळून मारले ते लाकूड. पण दोन शब्द तिच्याकडे दोन बाजूंनी बघतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच द्यायला हवे, तरी विचारणाऱ्याला जे जाणवले ते अगदीच वावगे नाही. त्याकडे शेवटी येतो.

'क्रूस' आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, पगार, चावी, बटाटा यांच्यासारखाच. पोर्तुगीज शब्दाच्या मागे लॅटिन 'क्रुक्स' आहे. क्रूस म्हटले की डोळ्यांपुढे आकृती येते: एक उभे लाकूड, एक आडवे. गळ्यातला, थडग्यावरचा, देवळाच्या शिखरावरचा क्रूस म्हणायचा असेल तर हाच शब्द नेमका आहे. गळ्यात 'वधस्तंभ' घातला असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

'वधस्तंभ' मराठीने घडवला, गुजराती बायबलमध्येही तोच आहे. यात आकृती नाही, कृत्य आहे: ज्या खांबावर वध करतात तो खांब. 'वध' म्हटले की आज कंस, कीचक, अफझलखान आठवतात, म्हणजे दुष्टाला मारणे. त्यामुळे 'निष्पाप माणसाच्या मरणाला वध कसे म्हणता?' अशी शंका मला पूर्वी विचारली गेली आहे. पण संस्कृतात वध इतका एकांगी नाही, महाभारतात अभिमन्यूचाही वधच होतो. शिवाय वध म्हणजे राजाने फर्मावलेला देहदंड. वध्य, वधस्थान हे शब्द त्याच कुळातले. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त दहाव्या अंकात निरपराध चारुदत्ताला वधस्थानाकडे नेतात, तेव्हा त्याच्या गळ्यात कण्हेरीची माळ आहे आणि खांद्यावर शूळ आहे. ज्यावर मरायचे ते ओझे त्याच्याच खांद्यावर, आणि तो स्वतःची तुलना यज्ञाकडे नेल्या जाणाऱ्या बोकडाशी करतो. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, येशू स्वतःचा वधस्तंभ वाहत निघतो आणि त्याला 'देवाचा कोकरा' म्हटले आहे. या दोन चित्रांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण 'वध' शब्दाची जात कळायला दुसरे इतके चांगले उदाहरण मला माहीत नाही. चारुदत्त ऐन वेळी सुटतो. येशू सुटत नाही, आणि ख्रिस्ती विश्वास त्या न सुटण्यावरच उभा आहे.

म्हणून मला 'वधस्तंभ' हा भाषांतरकारांचा फार मोलाचा शब्द वाटतो. त्यात न्यायनिवाड्याची कठोरता शिल्लक राहिली आहे. क्रूस आता सुंदर झाला आहे, सोन्याचा होतो, कोरीव होतो. वधस्तंभ कधी सुंदर होत नाही.

मूळ ग्रीक शब्द 'स्तावरोस'. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काळी याचा अर्थ रोवलेला खांब, कुंपणाची मेढ एवढाच होता. पहिल्या शतकापर्यंत तो रोमन शिक्षेच्या लाकडासाठी रूढ झाला होता. या शिक्षेत पुष्कळदा अपराध्याने आडवी तुळई स्वतः वाहून न्यायची, उभा खांब शिक्षेच्या जागी रोवलेला असायचा. बर्नबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या ख्रिस्ती पत्रात वधस्तंभाची तुलना ग्रीक 'ताउ' या अक्षराशी केली आहे, म्हणजे वर आडवी रेघ असलेला खांब. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय मात्र सांगतो की दोषपत्र येशूच्या डोक्याच्या वर लावले होते. त्यावरून उभे लाकूड थोडे वर निघालेले असावे असा तर्क करतात, आणि आपल्या ओळखीची आकृती तीच. बायबलच्या नव्या करारात याच लाकडाला कधी कधी 'क्सुलोन' म्हटले आहे, म्हणजे लाकूड किंवा झाड. ते मुद्दाम आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात झाडाला टांगलेला माणूस देवाचा शापित असे वचन आहे, आणि गलतिया इथल्या मंडळींना, म्हणजे गलतीकरांना, लिहिताना प्रेषित पौल तेच उचलतो: तो शाप ख्रिस्ताने आमच्याऐवजी स्वतःवर घेतला.

या शब्दाची त्या काळी किती शिसारी होती हे कळल्याशिवाय पुढचे कळत नाही. इ.स.पू. 71 मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर सुमारे 6,000 बंडखोर गुलामांना असे टांगले होते. इ.स.पू. 63 मध्ये रोमन वक्ता सिसेरोने एका खटल्यात म्हटले की क्रूस हे नावसुद्धा रोमन नागरिकाच्या शरीरापासूनच नव्हे, तर विचारांपासून, डोळ्यांपासून, कानांपासून दूर असावे. नावसुद्धा! आणि त्यानंतर शंभर वर्षे उलटली तोवर पौल करिंथकरांना लिहीत होता की वधस्तंभाचा संदेश नाश पावणाऱ्यांना मूर्खपणा वाटतो, पण तारण होत असलेल्या आम्हांला तो देवाचे सामर्थ्य आहे. 1968 मध्ये जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात पहिल्या शतकातल्या माणसाचे टाचेचे हाड सापडले. त्यात साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा अजून तसाच होता. टोक वाकले होते, त्यामुळे तो उपटून निघाला नसावा, म्हणून खिळ्यासकट पुरले. मराठीत 'नजर खिळली', 'अंथरुणाला खिळला' असे आपण सहज बोलतो. 'वधस्तंभी खिळले' वाचताना मला आता ते हाड दिसते.

इथेच एका प्रयोगाबद्दल सांगतो. 'प्रत्येकाला आपापला क्रूस वाहावाच लागतो' हे वाक्य आपण दुखण्याबद्दल, संसारातल्या कटकटींबद्दल वापरतो. मराठीत ते रुळले आहे, चूक म्हणणार नाही. पण स्वतःचा वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, हे येशूचे शब्द पहिल्यांदा ज्यांनी ऐकले त्यांना त्यातून त्रास सोसणे एवढेच ऐकू आले नसेल. तुळई खांद्यावर घेऊन निघालेला माणूस परत येत नाही, हे त्यांनी पाहिलेले होते.

आता तारण. मुळात धातू 'तॄ', पार जाणे. त्याचे प्रयोजक रूप तारणे, म्हणजे पैलतीरी नेणे, बुडू न देणे. 'देव तारी त्याला कोण मारी' यातला तारी तोच. कर्जाचे तारणही याच घरातले दिसते: देणाऱ्याचे पैसे बुडू नयेत म्हणून ठेवलेली वस्तू, त्याची रक्कम तारून नेणारी. शब्द एक, वापर दोन. ख्रिस्ती अर्थाने कोणी कोणाकडे गहाण पडलेले नाही.

भाषांतरकारांपुढे मोक्ष आणि मुक्ती हे तयार शब्द होते, आणि 'मुक्ती' ठिकठिकाणी आलेला आहेच. तरी तारण पुढे राहिला, याचे एक कारण मला व्याकरणात दिसते. मोक्ष साधता येतो, मिळवता येतो. 'त्याने मोक्ष साधला' हे सरळ मराठी आहे. तारणाला मात्र तारणारा लागतो. बुडणारा स्वतःला तारत नाही, दुसरा कोणी हात देतो. ख्रिस्ती शिकवणीचा गाभा नेमका हाच: पापात आणि मरणात सापडलेला माणूस स्वतःच्या बळावर बाहेर येत नाही, देव त्याला बाहेर काढतो, आणि ते काम येशूच्या मरणात आणि पुनरुत्थानात झाले. येशू या नावाचा हिब्रू अर्थच 'यहोवा तारतो' असा आहे.

ग्रीकमध्ये यासाठी क्रियापद आहे 'सोझो'. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्राव होत असलेली बाई गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. तिला तो म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे. मराठी आणि ग्रीक पाठ शेजारी ठेवून वाचत होतो तेव्हा इथे थबकलो, कारण 'बरे केले' याच्या जागी तेच सोझो होते. म्हणजे तारण फक्त मेल्यानंतरचे नाही. आजाऱ्याचे बरे होणे, बुडणाऱ्याचे वाचणे आणि पाप्याची सुटका, हे सगळे या एका क्रियापदात मावते. मराठीला तिथे शब्द बदलावा लागला, त्याला इलाज नव्हता.

एक शब्द मात्र काळाने बिघडवला: 'खंडणी'. येशू पुष्कळांसाठी आपला जीव 'खंडणी म्हणून' देतो, असे मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे. आज खंडणी म्हटले की धमकीचा फोन आठवतो. मूळ शब्द 'लुत्रोन', गुलामाला किंवा बंदिवानाला सोडवण्यासाठी भरायची किंमत. नव्या वाचकासाठी मी तिथे 'सुटकेची किंमत' असे सुचवीन. ती किंमत कोणाला दिली, यावर पुढे शतकानुशतके वाद झाले. सैतानाला, असे काही जुने आचार्य म्हणत. अकराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने ते खोडून काढले आणि माणूस देवाचे देणे लागतो, या बाजूने मांडणी केली. शुभवर्तमान स्वतः मात्र घेणाऱ्याचे नाव सांगत नाही.

देणे म्हटल्यावर विचारणाऱ्याच्या शंकेकडे परत यावे लागते. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात 'खेइरोग्राफोन' असा शब्द आहे, अक्षरशः हाताने लिहिलेला कागद. ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कर्जरोखा. आपल्याविरुद्धचा तो कागद देवाने वधस्तंभाला खिळून रद्द केला, असे तिथे म्हटले आहे. तेव्हा तारण ऐकून ज्याला सावकारी आठवली त्याचा कान खोटा नव्हता. फक्त इथे तारण ठेवलेले नाही, कागदच रद्द केलेला आहे.

राहिला 'ने' या प्रत्ययाचा प्रश्न. 'वधस्तंभाने तारण होते' असे म्हणतात तेव्हा लाकडात शक्ती आहे असा अर्थ घेऊ नये. 'वधस्तंभावरील मरणाने' याचे ते लघुरूप आहे, लिहिताना पूर्ण लिहिलेले बरे. आणि वर सांगितलेले व्याकरण वधस्तंभापाशीच सर्वांत उघड होते. खाली उभे असलेले मुख्य याजक थट्टा करतात: याने दुसऱ्यांना वाचवले, याला स्वतःला वाचवता येत नाही. दोन्ही ठिकाणी ग्रीकमध्ये सोझोच आहे. ते हिणवण्यासाठी म्हणाले. ख्रिस्ती माणूस तेच वाक्य शब्दाचाही फरक न करता विश्वासाने म्हणतो.