नाशिकची दोन दिवसांची सहल: देव आधी, द्राक्षमळे नंतर

प्रश्न: ताई, आम्ही राजारामपुरीत राहतो. 26 जानेवारीला जोडून सुट्टी आलीय तर नाशिकला जाऊन यावं म्हणतोय, मी, मिसेस आणि आई-बाबा. आईला त्र्यंबकेश्वर करायचंय, आम्हा दोघांना तिथल्या वायनरी बघायच्यात. पण बाबा शिरोळकडचे शेतकरी, त्यात माळकरी, दारूचं नाव काढलं तरी चिडतात. त्यांना तिकडं नेणं बरं दिसेल का? आणि दोन दिवसांत सगळं बसेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: पहिलं म्हणजे तारीख बदला. 26 जानेवारी ड्राय डे असतो, टेस्टिंग मिळणार नाही, आणि एवढ्या लांब जाऊन तेच हुकलं तर वाईट वाटेल. फेब्रुवारीत जा, तेव्हा द्राक्षांची काढणी ऐन भरात असते, फक्त महाशिवरात्रीचे दिवस आणि सोमवार टाळा नाहीतर त्र्यंबकला रांगेतच दिवस जाईल.

संध्याकाळी कोल्हापुरातनं स्लीपर पकडली की सकाळी नाशिक. पहिला दिवस देवाचा ठेवा. आधी त्र्यंबक उरकून घ्या, तीसेक किलोमीटर आहे, दुपारी परत येऊन जेवण, थोडी झोप आणि ऊन उतरल्यावर पंचवटी. रामकुंड, मग चालतच काळाराम मंदिर. इथं घाई करू नका. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो याच दारात, आणि त्याआधी दहा वर्षं, 1920 ला आपल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी याच बाबासाहेबांना पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं होतं. कोल्हापूरच्या माणसानं त्या दारात दोन मिनिटं थांबलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पांडवलेणी. पायऱ्या बऱ्याच आहेत, आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खालीच बसू दे. वर गेलात तर 3 नंबरचं लेणं चुकवू नका, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख तिथं आहे. खाली आलात की मिसळ. आपल्या तांबड्या कटाची सवय असेल तर इथली काळ्या मसाल्याची वेगळी लागेल, पण पापडाबरोबर खाऊन बघा, भारी असते.

आता बाबांचं. मी म्हणते त्यांना नक्की न्या, कारण सगळ्यात जास्त प्रश्न तेच विचारणार! तिथं प्यायची सक्ती कुणी करत नाही, मळा आणि कारखाना नुसता बघूनही येता येतं, आणि शेतकऱ्याला त्यात बघण्यासारखं खूप आहे. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची फळ छाटणी, म्हणजे वर्षात दोनदा वेल छाटायचा आणि पीक एकदाच घ्यायचं. वाईनची द्राक्षं आपल्या खायच्या द्राक्षांसारखी टपोरी नसतात, मणी बारीक, साल जाड, आत बिया. परवानगी घेऊन शिराझ जातीच्या द्राक्षाचा एक काळा मणी बोटांत दाबून बघा, रस जवळजवळ पाण्यासारखा निघतो. लाल रंग सगळा सालीत असतो, म्हणून रेड वाईन सालीसकट आंबवतात आणि व्हाइटसाठी रस आधीच गाळून घेतात. हे बाबांना दाखवा, राग राहणार नाही.

कुठं जायचं तर गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आहे, 2000 साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली, जवळच यॉर्क आणि सोमा पण आहेत. दिंडोरी, इगतपुरीकडंही आहेत पण दोन दिवसांत तेवढी पळापळ करू नका, एकच वायनरी निवडा आणि नीट बघा. शनिवार-रविवारी तुडुंब गर्दी असते, शक्यतो मधल्या वारी जा, टूर आधी बुक करा, वयाच्या पुराव्याला आधार जवळ ठेवा. आणि गाडी भाड्यानं ड्रायव्हरसकट घ्या, चव घेतलेल्यानं स्टेअरिंगला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

प्रश्न: ताई, नाशिक लांब पडतं. एका दिवसात जवळपास असं काही बघता येईल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: तासगावला जा की! वायनरीची टूर नाही पण मार्च-एप्रिलला बेदाण्याची शेडं भरलेली असतात. द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून सावलीत जाळीवर पसरतात, साधारण पंधरा दिवसांत हिरव्या घडाचा बेदाणा होतो. शेडवाल्याला आदल्या दिवशी फोन करून जा, कामाच्या गडबडीत तो सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच बोलायला मोकळा असतो.